नवी

आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक वाक्प्रचार आहे. तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझं डोकं फिरवून जातो. शब्दाला शब्द ठेवला तर तो होतो, दुसऱ्याचे बूट भरणं. म्हणजे जो माणूस गेला त्याच्या जागी उभं राहायचं आणि त्याचं काम त्याच्याइतकंच नीट करून दाखवायचं. आपण जागा भरून काढतो, इंग्रज बूट भरतात, एवढाच फरक. खाली प्रश्न ठरलेला: अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. मुलं बिचारी करतात उपयोग. 'जुने मुख्याध्यापक गेले व नव्या मुख्याध्यापकांनी त्यांचे बूट भरले,' असं निम्मा वर्ग लिहितो, कारण ते मीच फळ्यावर लिहून दिलेलं असतं. एकाने मात्र स्वतःच्या डोक्याने लिहिलं होतं, 'दादाचे बूट मीच भरतो, म्हणून मला नवे मिळत नाहीत.' उत्तर साफ चुकलं होतं. तरी मी त्याला अर्धा गुण दिला, कारण दुःख खरं होतं.

पुस्तक अर्थ बरोबर सांगतं, पण उपयोग कसा होतो ते सांगत नाही. हे वाक्य बहुतेक वेळा निरोपसमारंभात बोलतात. जाणारा माणूस पुढच्या खुर्चीवर बसलेला असतो. कोणीतरी उठून म्हणतो, यांचे बूट भरणं सोपं नाही हो. टाळ्या पडतात. कौतुक जाणाऱ्याचं होतं आणि ऐकून घ्यावं लागतं येणाऱ्याला. तो बिचारा मागे भिंतीला टेकून, हातात चहाचा कप धरून उभा असतो आणि सगळे त्याच्या पायांकडे बघत असतात. त्याचं काय, हा विचार कोणाच्याही मनात येत नाही. माझ्या येतो, कारण अशा मागे उभ्या राहिलेल्या एका बाईने मला लहानाचं मोठं केलं.

आमच्या भागात तिला सगळे नवी म्हणतात. आता तिची सत्तरी उलटली, केस पांढरेफटक झाले, तरी नवीच.

आमच्या बाबांची लाँड्री होती. खाली दुकान, दुकानामागे मोरी आणि कपडे भिजवायची मोठी पिंपं, वर आमच्या खोल्या, त्याच्यावर गच्ची आणि गच्चीभर तारा. घराला सदानकदा ओल्या सुताचा आणि खळीचा वास यायचा. बाबा धुवायचे, इस्त्रीकाका इस्त्री करायचे आणि काउंटर आई सांभाळायची. बाबा मुळातच मुखदुर्बळ. गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की ते पिंपाकडे बघून बोलायचे. इस्त्रीकाकांचं उलट. ते आमच्या नात्याचे नव्हते, पण त्यांचं तोंड घरच्या माणसासारखं सुटायचं आणि ते इस्त्रीपेक्षा गरम असायचं. या दोघांना घेऊन दुकान चालत होतं ते आईच्या जिवावर.

कोणता कपडा कोणाचा हे ओळखायची आईची स्वतःची पद्धत होती. दुसऱ्या लाँड्रीत कपड्यावर शाईने आकडे घालतात. आईला ते कळकट वाटायचं. ती कपड्याला रंगीत दोऱ्याचे टाके घालायची, शर्टाला कॉलरच्या आत, पँटला कमरपट्टीच्या मागे, चादरीला कोपऱ्यात. दोऱ्याचा रंग म्हणजे गल्ली. आमची गल्ली निळी, बाजारामागची हिरवी, चढावरची तांबडी. टाके किती, त्यावरून घर कळायचं, पण ते दारावरच्या आकड्याप्रमाणे नव्हे. ज्या क्रमाने ते घर आईच्या ओळखीचं झालं त्या क्रमाने. आणि टाका कसा घालायचा, ते ज्या त्या माणसावर. साध्या माणसाला उभा, घुम्याला तिरका आणि भांडकुदळ असेल त्याला फुली. दंतवैद्यांना फुली होती. त्यांनी एकदा चष्मा वर सरकवून विचारलं, "माझ्याच कपड्यांवर फुली का हो?" आई म्हणाली, "डॉक्टर लोकांची खूणच आहे ती." दंतवैद्य खूश होऊन गेले आणि इस्त्रीकाका मोरीत जाऊन पोट धरधरून हसले.

हे सगळं आईच्या डोक्यात होतं. लिहून ठेवायची तिला कधी गरजच पडली नाही. ताई मात्र शाळेतून आली की आईच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसायची, सुईत दोरा ओवून द्यायची, आणि बसून बसून तिलाही ते पाठ झालं होतं.

मी सहा वर्षांची आणि ताई तेरा वर्षांची असताना आई गेली. छातीचं दुखणं हिवाळ्यात सुरू झालं आणि हिवाळा सरायच्या आत तिला घेऊन गेलं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहून ते कमी होत नाही.

दुकानाची पार रया गेली. बाबांना टाके दिसायचे, पण टाक्यांमागची माणसं ठाऊक नव्हती. ताईला विचारलं की ताईला रडू फुटायचं, म्हणून बाबांनी विचारणं सोडून दिलं. गिऱ्हाइकं यायची, ढिगातून हाताला लागेल ते उचलून न्यायची. ड्रॉइंगचे मास्तर बरेच दिवस बेकरीवाल्याची पँट कमरेला आवळून हिंडत होते. शेवटी आत्या आली. तिने एकंदर रागरंग बघितला आणि बाबांना विचारलं, "दुकान आणि पोरी, दोन्ही वाऱ्यावर सोडणार आहेस का?" बाबा पिंपाकडे बघत "नाही" म्हणाले. आत्याने तो लग्नाला होकार धरला.

नवी कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती, अगदी शेवटच्या टेबलावर. शिवून झालेला कपडा तिच्यापुढे यायचा आणि त्यावरचे सुटे धागे कापायचे, एवढंच तिचं काम. एखादा धागा जरी राहिला तरी सगळा गठ्ठा परत यायचा, वर बोलणी खावी लागायची. तिशी उलटून गेलेली, उंच, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. कचेरीत सह्या झाल्या आणि ती एक पिशवी घेऊन आमच्याकडे आली. पिशवीत तिचे कपडे होते आणि धागे कापायची छोटी कात्री होती.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या आधी उठली. आल्या आल्या घराला आपला काही उपयोग व्हावा, असं तिच्या मनात असणार. खाली जाऊन बघते तर गच्चीतून आणलेल्या कपड्यांचा ढीग पडलेला, आणि प्रत्येक कपड्यावर कुठे ना कुठे रंगीबेरंगी धागे. उलट्या बाजूला, वेडेवाकडे, गाठी मारलेले. जिने उमेदीची सगळी वर्षं धागे कापण्यात काढली तिला दुसरं काय वाटणार? तिने कात्री काढली.

आम्ही खाली आलो तेव्हा ढिगाच्या चवडी झाल्या होत्या, कोपऱ्याला कोपरा जुळवलेल्या. दुकान इतकं नीटनेटकं आईच्या हयातीतही कधी दिसलं नव्हतं. शेजारी फळीवर कापलेल्या दोऱ्यांचा एवढासा पुंजका होता. नवी आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "सगळे धागे साफ करून टाकले."

बाबा पिंपाच्या कडेवर टेकले. इस्त्रीकाकांच्या हातची इस्त्री एका शर्टावर होती ती तशीच राहिली आणि जळका वास सुटला तेव्हा त्यांनी उचलली. ताई पाठीला दप्तर अडकवून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती पुढे आली, पुंजका मुठीत घेतला, "आईचे होते ते," म्हणाली आणि उलट पावली वर गेली. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही. संध्याकाळी गच्चीत तिने मला सांगितलं, "तिने आईला उसवून टाकलं." मला ते नीटसं कळलं नाही.

खाली इस्त्रीकाकांनी नवीला सगळं समजावलं. समजावलं म्हणजे तोंड सुटेल तसं बोलले. तिचा चेहरा पांढरा पडला. तिने रडून गोंधळ घातला नाही, की मला काय माहीत म्हणून हातही झटकले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आता कुठला कपडा कोणाचा, हे कोणाला सांगता येईल?"

सगळ्यांनी जिन्याकडे बघितलं.

"नको," नवी म्हणाली. "तिला कोणी काही विचारायचं नाही."

मग तिने हातगाडीवर गाठोडी लादली आणि गल्लोगल्ली निघाली. मला बरोबर घेतलं, कारण घरं मला माहीत होती. प्रत्येक दारात ती गाठोडं सोडायची आणि म्हणायची, "माझ्या हातून चूक झाली. यातले तुमचे कपडे तेवढे ओळखून घ्या." लोकांनी घेतले. त्याबरोबर चार शब्दही ऐकवले. प्रत्येक दारात तेच: "पहिली असती तर असं झालं नसतं." नवी म्हणायची, "नसतंच झालं." समोरचा माणूस भांडणाच्या तयारीने आलेला असायचा आणि ही आधीच सगळं कबूल करून मोकळी व्हायची. भांडण पुढे न्यायचं तरी कसं? पुष्कळांनी शेवटी तिला पाणी विचारलं. दंतवैद्यांनी मात्र संधी साधली. एक भारी कोट त्यांनी अंगात घातला आणि हा माझाच म्हणून अडून बसले. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. नवीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, दात काढायला तुम्हाला बोटं लागत नाहीत का?" त्यांनी कोट काढून दिला. मी हसले. आई गेल्यावर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा, आणि त्या दिवसापासून मी नवीची झाले ती कायमची.

तिचं नाव पडलं ते याच फेरीत. कोण आलं होतं? नवी आली होती. कपडे कोणाकडे दिले? नवीकडे. मीही तिला "नवे" म्हणायला लागले आणि ती "काय गं" म्हणायला लागली. आमच्यात तेवढ्यावर भागलं.

ताईचं मात्र तसं नव्हतं. ती आडमुठी नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण हे वाचून कोणालाही तिचा राग येईल. घरात ती सगळी कामं करायची. ताट वाढलं की जेवायची, भांडी घासायची, उलट बोलायची नाही. फक्त नवीला हाक मारायची नाही. मराठीत माणसाला हाक न मारता वर्षानुवर्षं काढता येतात. चहा झालाय. दार लावायचंय. उद्या शाळा लवकर आहे. कोणाला म्हणून बोललं ते कळतही नाही आणि काम होतं. ताई या विद्येत इतकी तरबेज झाली की ऐकणाराच थक्क व्हावा.

दुकानात मात्र मुकेपणाने चालेना. कपडे येत होते, त्यांना खूण हवी होती. एके संध्याकाळी ताई शाळेतून आली तेव्हा नवीने आईची रिळं, सुया असं सगळं काउंटरवर मांडून ठेवलं होतं.

"मला टाके येत नाहीत," ती म्हणाली. "मी कात्रीची बाई. सुई धरली की बोटं भोसकून घेते. माणसंही माझ्या लक्षात राहत नाहीत. तू खुणा घाल. मी कपडा समोर धरीन, तू सांगशील तसा लावीन. दुसऱ्या कोणी दोऱ्याला हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही."

ताईने रिळांकडे बघितलं. मग सवयीने आपल्या स्टुलाकडे वळली, तर स्टुलावर नवी बसली होती. रिकामी होती ती आईची खुर्ची.

आता हे मी शाळेत कसं शिकवू? तिने आईची जागा घेतलीच नाही. तिने ताईची जागा घेतली, शिकणाऱ्या मुलीची, आणि आईच्या जागेवर ताईला बसवलं. या वाक्प्रचारात असा उपयोग बसत नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या दोघी शेजारी शेजारी बसू लागल्या. नवी कपडा उलटा करून उजेडात धरायची आणि टाके वाचायची. "हिरवा, तीन, उभा."

"पुस्तकबांधणीवाले," ताई सांगायची.

"तांबडा, एक, तिरका."

"घड्याळजी."

"निळा, चार, फुली."

"दंतवैद्य."

नवं गिऱ्हाईक आलं तर ताई त्याच्याकडे निरखून बघायची आणि टाका उभा घालायचा की तिरका ते ठरवायची. नवी म्हणायची, "फुली घाल गं, मघाशी सुट्ट्यावरून भांडलाय." ताई मान हलवायची. "आई पहिल्याच दिवशी फुली नव्हती घालत." नवी म्हणायची, "बरं." झालं, संपलं संभाषण. रोज इतकंच. रंग, टाके, माणसाचं नाव. पण रोज.

मी मोठी होत होते आणि मला ते बघवत नव्हतं. एकदा गच्चीत चादरी ताणताना मी नवीला विचारलं, "तुला राग कसा येत नाही?"

"कशाचा?"

"ताई तुला हाक पण मारत नाही."

नवीने चादरीचं आपलं टोक झटकलं. "तिची आई गेली आणि वर माझी कात्री चालली. राग मला कसला यायचा?" मग म्हणाली, "एकदा हाक मारली ना तिने मला, कुठल्याही नावाने, की झालं माझं. दुसरं काही नको." हे ती हसत म्हणाली, पण मी तिचे डोळे बघितले होते. तिला खरंच दुसरं काही नको होतं, आणि जे हवं होतं ते कोणाला मागताही येत नव्हतं.

ताई कॉलेजात गेली त्या वर्षी तिला कावीळ झाली. विश्रांती हवी म्हणून आत्या तिला आपल्या घरी घेऊन गेली. दुकानाचं आता काय होणार म्हणून बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. मीही शाळेतून धावत आले ती आता गिऱ्हाइकांची समजूत घालावी लागणार म्हणून.

येऊन बघते तर कपडे जागच्या जागी लागलेले. नवी उभ्या उभ्या कपडा उलटा करत होती आणि सरळ फळीवर टाकत होती. पुस्तकबांधणीवाले, घड्याळजी, बेकरीवाले. तोंडाने अवाक्षर नाही, थांबणं नाही. तिने कॉलरीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. काही शर्ट तर तिने नुसते हाताला लागले तसे ओळखले. मी दारातच थबकले.

"नवे, तुला सगळं येतं?"

ती दचकली. मग म्हणाली, "इतकी वर्षं रोज वाचतेय. दगडालासुद्धा पाठ झालं असतं."

"मग रोज ताईला विचारतेस कशाला?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात सगळ्यात सोपा प्रश्न चुकले होते. "येतं म्हणाले तर ती माझ्याजवळ बसेल का?" ती म्हणाली. "आणि हे बघ, तुझं तोंड बंद ठेव."

मी ठेवलं. ताई बरी होऊन आली त्या संध्याकाळी नवीने फळ्यांवरचे लावलेले कपडे उतरवले, काउंटरवर सगळ्यांचा पुन्हा काला केला आणि स्टुलावर जाऊन बसली. इस्त्रीकाकांनी ते बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आलेला शब्द गिळला. नवीने एक पँट उजेडात धरली. "निळा, चार, फुली?" असं तिने इतक्या भोळेपणाने विचारलं की मला हसू आवरेना, म्हणून मी मोरीत पळाले. ती पँट दंतवैद्यांची आहे हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही सांगता आलं असतं.

ताईने क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दंतवैद्य." आणि गाडी पुन्हा रुळावर आली. कॉलेज संपलं, ताईने रक्त-लघवी तपासायचं शिक्षण घेतलं, तरी संध्याकाळी ती खुर्चीवर आणि नवी स्टुलावर, हे चुकलं नाही.

मग ताईला दूरच्या शहरात, मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. बाबांना आनंद झाला आणि त्यांनी तो पिंपाला सांगितला. ताई जाणार ही बातमी सगळ्या गल्ल्यांत पसरली आणि शेवटच्या दिवशी लोक कपड्यांचं निमित्त काढून भेटायला आले. बेकरीवाल्याने केक आणला. घड्याळजी काही न बोलता तिच्या हातात एक मनगटी घड्याळ ठेवून निघून गेले, तिरक्या टाक्याचा माणूस तो. दंतवैद्यांनी तर काउंटरपुढे उभं राहून भाषणच ठोकलं. ताई किती लहान होती, तिने दुकान कसं सावरून धरलं, आणि कपड्यांची अदलाबदल कशी कधी होऊ दिली नाही. शेवटी ते नवीकडे वळले. "आता हिची जागा भरून काढणं कठीण आहे बरं का. तुम्हाला जमणार आहे का?"

इंग्रज असते तर बूट म्हणाले असते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईने आयुष्यभर दोनदोन जागा अंगावर घेतल्या आणि एकीवरही स्वतःचं नाव लावलं नाही, तिला हे विचारत होते. नवी मात्र मागे फळ्यांना टेकून, हातात चहाचा कप धरून उभी होती. "कठीणच आहे," ती म्हणाली.

लोक पांगले. बाहेर अजून उजेड होता. बाबा आणि इस्त्रीकाका मागे पिळायचं यंत्र चालू करून चादरी काढत होते. मी जिन्याच्या पायरीवर ताईच्या पुस्तकांना दोरी बांधत बसले होते. त्या दिवसाचे कपडे काउंटरवर पडले होते. नवी नेहमीसारखी स्टुलावर बसली आणि कपडा घ्यायला तिने हात पुढे केला. तेवढ्यात ताईने ढीग स्वतःकडे ओढला.

तिने एक शर्ट काढला, उलटा केला आणि नवीच्या समोर धरला. "हा कोणाचा?"

नवी गडबडली. "मला काय ठाऊक? तू सांगणार, मी लावणार."

"तांबडा, दोन, उभा. कोणाचा?"

"लक्षात नाही गं माझ्या."

ताईने शर्ट खाली ठेवला. "नवे," ती म्हणाली, "पुरे आता."

माझ्या हातातली दोरी सुटली. नवी हलेना. तिला ते ऐकू आलं की नाही, हेच मला कळेना.

"मला कावीळ झाली होती तेव्हा मी दुकानात नव्हते," ताई म्हणाली. "कपडे आले, धुतले गेले, परत गेले. एकही चुकला नाही. बाबांना सांगता येत नाही, काकांना येत नाही. मला काही कळलं नसेल असं वाटलं तुला?"

नवीने विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू मला विचारायची थांबली असतीस." ताई म्हणाली. "आणि तू विचारायची थांबली असतीस, तर मी कुठल्या तोंडाने तुझ्याशेजारी येऊन बसले असते?"

नवीने समोरचा कपडा ओढून घेतला आणि त्यात तोंड लपवलं. तिला मी तोपर्यंत कधी रडताना बघितलं नव्हतं. कात्री चालली त्या दिवशीसुद्धा नाही. ताई खुर्चीवरून उठली, तिच्याजवळ गेली, पण कुठे हात ठेवावा हे तिला कळेना. मग तिने कपड्याचं टोक उलटून बघितलं.

"निळा, चार, फुली," ती म्हणाली. "परत धुवावा लागणार."

त्यावर दोघींना हसू फुटलं. ते थांबेचना. इस्त्रीकाका मागून ओरडले, काय झालं म्हणून.

मग त्या दोघी ढीग लावायला लागल्या. एक इकडून, एक तिकडून, आपापला कपडा उचलून सरळ फळीवर. कोणाला काही विचारायची गरज नव्हती, त्यामुळे तोंडं पहिल्यांदाच मोकळी होती. नवीने विचारलं, त्या गावात थंडी किती पडते आणि खोलीत गरम पाणी येतं का. ताईने सगळं सांगितलं. तिने नवीला कारखान्याबद्दल विचारलं, शेवटच्या टेबलावर अजून कोण कोण बसायचं म्हणून. इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आणि मग हातातली चादर घडी करता करता ती म्हणाली, "तू लहान होतीस तेव्हा तुला तुझ्या घरी काय म्हणून हाक मारायचे?"

नवीने तिच्याकडे वाकून ते सांगितलं. मागे यंत्र चालू होतं, त्यामुळे पायरीवर मला ते ऐकू आलं नाही. मी पुढेही कधी विचारलं नाही. ते तिने ताईला सांगितलं होतं.